चोवीस तासांची शर्यत आणि बाजारातला संगणक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फ्रान्समधल्या ले मान्स इथे सहसा जूनमध्ये चोवीस तासांची मोटार शर्यत होते. १९२३ साली सुरू झालेली ही शर्यत आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत आली तर निकालापुरती दोन ओळींत येते. क्रीडापानावर जागा नसेल तर तंत्रज्ञानाच्या पुरवणीत तरी ती सविस्तर छापावी, ही विनंती. संभाजीनगर, लातूर, नांदेडकडे सुटे भाग आणून स्वतः संगणक जोडणारी जी मुलं आहेत, त्यांना या शर्यतीइतकं उपयोगी दुसरं काही पाहायला मिळणार नाही.

ही मुलं भाग निवडताना बेंचमार्कचा आकडा बघतात. तो आकडा काही मिनिटांच्या चाचणीचा असतो. ले मान्सची एक फेरी १३.६२६ किलोमीटरची, वेगवान गाडीला साधारण साडेतीन मिनिटांची. पण २०२५ मध्ये जिंकलेल्या फेरारीला अशा ३८७ फेऱ्या माराव्या लागल्या. वरच्या हायपरकार गटात गाडीच्या ताकदीवर साधारण ५०० किलोवॅटच्या आसपास मर्यादा असते आणि ती चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांवरचे टॉर्क सेन्सर (फिरवण्याचा जोर टिपणारे) सतत मोजत असतात. ताकद सगळ्यांना जवळपास सारखीच, मग निकाल ठरतो तो उष्णता, झीज आणि दुरुस्तीवर. प्रोसेसरची वॅट-मर्यादा बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ठरवणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

२०१६ चं उदाहरण घ्या. शेवटची काही मिनिटं उरली असताना आघाडीवरची टोयोटा ताकद गमावून सरळ रस्त्यावर थांबली आणि पोर्शे जिंकली. इंजिन फुटलं नव्हतं. टर्बोचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा) आणि इंटरकूलर (ती हवा थंड करणारा) यांच्यामधल्या हवेच्या नळीचा एक जोड निकामी झाला होता. आजच्या मोठ्या ग्राफिक्स कार्डांचा सोळा पिनांचा पॉवर जोड असाच दगा देतो. तो पूर्ण आत बसला नाही, किंवा तोंडाशीच वायर दुमडली, तर मोजक्या पिनांवर सगळा प्रवाह येतो, त्या तापतात आणि प्लास्टिक वितळतं. हे पहिल्या दिवशी दिसत नाही. जोड शेवटपर्यंत दाबावा, फट राहिली नाही ना हे बॅटरीच्या उजेडात बघावं आणि निदान पहिले तीन-साडेतीन सेंटीमीटर वायर सरळ ठेवावी.

दुरुस्तीची सोय हा या खेळाचा मला सर्वांत आवडणारा भाग. आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात ज्या ऑडीच्या गाड्या जोडल्या गेल्या, त्या कंपनीने ही शर्यत तेरा वेळा जिंकली. तिच्या आर-८ या शर्यतीच्या गाडीचा गिअरबॉक्स आणि सस्पेन्शनसह मागचा सगळा भाग पाचेक मिनिटांत बदलता येईल असाच मुळात आखलेला होता. २०१७ मध्ये पोर्शेची पुढची विद्युत मोटर बिघडली, गाडी तासाहून जास्त वेळ गॅरेजमध्ये अडकली, तरीही शेवटी तीच जिंकली. कॅबिनेट निवडताना काचेपेक्षा हे बघायला हवं: धूळजाळी स्क्रू न काढता निघते का, आणि प्रोसेसरचा कूलर काढायला मदरबोर्ड बाहेर घ्यावा लागतो का.

आता आपल्या हवेबद्दल. खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश प्रोसेसरही वर जातो. २५ अंशांच्या दुकानात ७५ दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत, त्याच कामाला आणि पंख्याच्या त्याच वेगाला, ९० पर्यंत पोचतो. त्यात जाळीवर फुफाटा बसला की आणखी वर. म्हणून नवा संगणक भर दुपारी, झाकण लावून तपासावा. आधी रात्रभर मेमटेस्ट-८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामच्या चार फेऱ्या. रॅमचा एक्सएमपी वेग (बायोसमध्ये चालू करायचा वाढीव वेग) हेही ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, असतं, तेव्हा तो चालू ठेवूनच. एक जरी चूक निघाली तरी रॅम नापास. मग प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींवर एकाच वेळी चोवीस तास ताण द्यावा, कारण कार्डची गरम हवा प्रोसेसरच्याच वाट्याला येते. एचडब्ल्यूइन्फो या तापमान-वेग दाखवणाऱ्या प्रोग्रामने नोंद चालू ठेवावी आणि तापमानापेक्षा मेगाहर्ट्झचा रकाना वाचावा. तापमान मर्यादेला टेकून स्थिर दिसतं, वेग मात्र गुपचूप उतरत असतो. दुसऱ्या तासाचा आणि विसाव्या तासाचा वेग ताडून बघितला की खरं कळतं.

खोली थंड करणाऱ्या पाण्याच्या कूलरच्या झोतात कॅबिनेट ठेवू नये. ओलसर हवेने धूळ हीटसिंकच्या पात्यांवर थापली जाते आणि मग ब्लोअरनेही निघत नाही.

एक दिवसाची चाचणीही सगळं पकडते असं नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरचे डेस्कटॉप प्रोसेसर सुरुवातीला उत्तम चालले आणि काही महिन्यांनी अडखळू लागले. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळाल्याने ते आतून झिजत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (बायोसमधून टाकायचा प्रोसेसरचा दुरुस्ती-प्रोग्राम) दिला आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांच्याकडे हे प्रोसेसर आहेत त्यांनी मदरबोर्डचं ताजं बायोस टाकून घ्यावं. झालेली झीज त्याने भरून येत नाही. तो प्रोसेसर हमीत बदलूनच घ्यावा लागतो.

पॉवर सप्लायवरच्या ८० प्लसच्या शिक्क्यावरही विसंबू नये. ती चाचणी २३ अंशांच्या आसपास होते आणि तिचा संबंध वीज किती वाया जाते याच्याशी आहे, टिकाऊपणाशी नाही. बॉक्सवर किंवा माहितीपत्रकात पूर्ण वॅट किती अंशांना मिळतात ते शोधावं: ५० लिहिलं असेल तर घ्यावा, २५ असेल तर आपल्या उन्हाळ्यात तो पूर्ण ताकद देईलच असं नाही. ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. ४५० वॅटचं कार्ड असलेला संगणक त्यावर लावला, तर खेळ चालू असताना लाइट जाताच तो बंद पडणारच. आणि अर्थिंग मल्टिमीटरने मोजून घ्यावं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर संगणक लावण्याआधी वायरमनला बोलवावं.

आपला,
संगणक जोडणी करणारा एक वाचक, जालना