अंतर एकच, पण जाण्या-येण्याच्या वेळा दोन

महोदय,

प्रवासविषयक पुरवण्यांत दोन शहरांमधले हवाई अंतर आणि त्यापुढे प्रवासाच्या वेळेचा एकच आकडा छापला जातो. तो बहुतेकदा अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागून काढलेला असतो. त्यावर विसंबून कुणी पुढचे विमान ठरवले तर त्याची पंचाईत होणार, हे ठरलेलेच.

मुळात छापलेले अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले, कमीत कमी असते. सपाट नकाशावर न्यूयॉर्क-टोकियो मार्ग थेट पॅसिफिकवरून जाईलसे वाटते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला तर तो अलास्काकडे सरकतो. शिवाय विमान त्याच रेषेवरून जाईल याची खात्री नाही. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय संघातील कंपन्यांना बंद झाले आणि हेलसिंकी-टोकियो हा साधारण साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. अंतराच्या तक्त्यात मात्र काहीच बदलले नाही.

खरी गफलत वाऱ्याची होते. न्यूयॉर्क-लंडन अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. विमाने उडतात त्या उंचीवर जेट स्ट्रीम हा जोरदार वाऱ्याचा झोत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० आणि वारा ताशी १०० किलोमीटर धरला, तर लंडनकडे जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग १,००० होतो, परतताना ८००. म्हणजे जाताना ५ तास ३२ मिनिटे, येताना ६ तास ५५ मिनिटे. हिवाळ्यात वारा याहून कितीतरी जोरात असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचले होते.

यात चढता-उतरतानाच्या कमी वेगाची वीसेक मिनिटे आणि दोन्ही विमानतळांवर जमिनीवरून सरकण्यात जाणारा अर्धा-पाऊण तास मिळवावा लागतो. वेळापत्रकातली वेळ गेट सोडल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतची असते; म्हणून तिथे साधारण सात आणि आठ तास दिसतात. कंपन्या त्यात थोडी सवडही राखतात. वीस मिनिटे उशिरा सुटलेले विमान वेळेवर पोचते ते त्यामुळे.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात, हेही तक्त्याखाली लिहायला हवे. न्यूयॉर्कहून रात्री ९ला निघून लंडनला सकाळी ९ला पोचणारे विमान बारा नव्हे, सात तास उडते, कारण घड्याळांत पाच तासांचा फरक आहे. तोही कायम नसतो! अमेरिका उन्हाळ्यासाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे फरक चारच तासांचा. ऑक्टोबरअखेर ब्रिटन घड्याळ अमेरिकेच्या आधी मागे घेते, तेव्हाही आठवडाभर तसेच.

तेव्हा आपल्या पुरवणीत जाण्याची आणि येण्याची वेळ वेगवेगळी, गेट ते गेट छापावी आणि अंतर कोणत्या दोन विमानतळांमधले तेही द्यावे, ही विनंती. टोकियोचा नारिता विमानतळ शहरापासून साठेक किलोमीटर दूर आहे, हानेदा त्यामानाने अगदी जवळ. नुसते 'टोकियो' लिहून वाचकाला काहीच कळत नाही.

– एक वाचक