कुलपातली गाडी नवी नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला आग्नेय आशियातल्या ब्रुनेई देशाच्या राजघराण्याच्या गाड्यांवरचा पानभर लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला. राहवले नाही म्हणून लिहितो आहे. पंचवीस-तीस वर्षे गोदामांत कुलूपबंद असलेल्या आणि जेमतेम काही शे किलोमीटर धावलेल्या या गाड्या आजही कोऱ्या करकरीत असणार, असे तुमच्या लेखकाने लिहिले आहे. हे साफ चूक आहे. मी बेचाळीस वर्षे मोटार मिस्त्रीचे काम केले, त्यातली निम्म्याहून अधिक कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे गॅरेज-कारखान्यांच्या वसाहतीत, स्वतःच्या गॅरेजमध्ये. कमी चाललेली गाडी आणि नवी गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उद्यमनगरातल्या कोणत्याही पोराला विचारले असते तरी कळले असते.

आकड्यांचेही तेच. एका चौकटीत गाड्या २,५००, दुसऱ्या चौकटीत ७,०००. एकाच पानावर एवढा फरक कसा चालतो? घराणे माहिती देत नाही हे मान्य, पण मग तसे स्पष्ट लिहावे. राजवाड्याच्या १,७८८ खोल्या मात्र बिनचूक मोजल्या आहेत.

बंद गाडीचे काय होते ते सांगतो. टाकीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे डिंकासारखा थर राहतो. तो पंपात आणि इंजेक्टरमध्ये चिकटून बसतो. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढून घेते, मग सिलिंडर आतून गंजतात आणि ब्रेक जाम होतात. रबराचे प्रत्येक सील कडक होऊन तडकते. टायर उभ्या जागी चपटे होतात. बोअरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरमध्ये, पिस्टनच्या रिंगा धरून बसतात. सीटच्या चामड्याला बुरशी येते, आणि उंदीर शिरला तर वायरिंग संपले. टेस्टारोसा जातीच्या फेरारीचा टायमिंग बेल्ट गाडी चालो न चालो, ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो, आणि तेवढ्यासाठी अख्खे इंजिन खाली उतरवावे लागते. मॅक्लॅरेन एफ-वनच्या टाकीत रबरी पिशवी असते, ती दर पाच वर्षांनी नवी घालायची. अशा गाड्या जगात सगळ्या मिळून १०६ बनल्या. त्यातली एक २०२१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या लिलावात दोन कोटी डॉलरच्या वर गेली. तुमच्या लेखकाने तीच किंमत घेऊन ब्रुनेईतल्या गाड्यांना गुणली आहे. लिलावातल्या गाडीची निगा कुणीतरी राखली होती, म्हणून तो भाव आला. त्या गोदामांत जाऊन आलेल्या मोटारींच्या व्यापाऱ्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की उष्म्याने आणि दमट हवेने तिथल्या कितीतरी गाड्या कामातून गेल्या आहेत. आमच्या कोल्हापुरात चार महिने पाऊस, तर पत्रा सडतो. ब्रुनेई विषुववृत्ताला लागून आहे, तिथे बारा महिने ओल.

मला हे इतके का लागते ते सांगितल्याशिवाय पत्र पुरे होणार नाही.

१९८८ साली जिल्ह्यातल्या एका मोठ्या घरातले आजोबा त्यांची १९५८ ची फियाट, लोक जिला डुक्कर फियाट म्हणत ती, घेऊन माझ्याकडे आले. इंजिन धूर टाकत होते, ऑइल पीत होते. बाकी सगळ्यांनी त्यांना ती काढून टाकायचा सल्ला दिला होता. मी आणि माझ्या उस्तादांनी ती उघडली. हेड उतरवले, बोअर करून घेतले, क्रँक ग्राइंड केला. व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यांतून वरखाली सरकतात त्या नळ्या, बाजारात मिळेनात, म्हणून उस्तादांनी स्वतः लेथवर उभे राहून कासे धातूचे आठ गाइड काढले. सात आठवडे लागले. ज्या दिवशी ती पहिल्या सेल्फला उचलली, त्या दिवशी आजोबा बोनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "मिस्त्री, गाडी बोलाय लागली बघा." पुढे आठ वर्षे ते दर रविवारी ती घेऊन जोतिबाला जायचे. घाट चढताना कधी पाणी उकळले नाही. दर सहा महिन्यांनी ऑइल बदलायला यायचे आणि माझ्या उस्तादांसाठी शेतातला गूळ आणायचे.

१९९६ साली ते गेले आणि मुलांचे वाटणीवरून बिनसले. फियाट एका गोदामात ढकलून कुलूप लावले. विकायची नाही, चालवायची नाही, कुणी हात लावायचा नाही. मी तीन वेळा त्यांच्या दारात गेलो. म्हणालो, गाडी बाहेर काढू नका, पण महिन्यातून एकदा मला आत येऊन स्टार्ट करू द्या, एक पैसा नको. तिन्ही वेळा नको म्हणाले. तिसऱ्या वेळी तर आत बसाही म्हणाले नाहीत.

चौदा वर्षांनी त्यांचाच माणूस मला बोलवायला आला. नातवाचे लग्न होते, वरातीला आजोबांची गाडी हवी होती आणि हातात चार दिवस. कुलूप तोडावे लागले, किल्ली कुणाकडेच नव्हती. कौलांतून पाणी गळून टप सडला होता, खालच्या पत्र्यातून जमीन दिसत होती. मागच्या सीटमध्ये उंदरांनी पिल्ले घातली होती. मी प्लग काढून भोकांत ऑइल सोडले, रात्रभर ठेवले आणि सकाळी पुढून हँडल घालून इंजिन फिरवायला गेलो. केसभरही हलले नाही. मीटरवर मात्र किलोमीटर तेवढेच होते, आजोबा शेवटचे जोतिबाहून आले तेव्हाचे. त्या मीटरवर विश्वास ठेवला तर तीही तुमच्या लेखकाच्या हिशेबाने कोरीच गाडी.

मी होणार नाही म्हणून सांगितले, तेव्हा थोरल्या मुलाने चार माणसांत मला सुनावले की १९८८ सालीच काम नीट झाले नसणार. माझे उस्ताद तोवर वारले होते. त्यांनी एकेक गाइड किती वेळा मापून बघितला होता ते मी पाहिले आहे. त्या माणसाच्या तोंडचे ते शब्द मी आजही विसरलेलो नाही, आणि म्हणूनच रविवारचा लेख वाचून माझा संताप झाला. आठवड्याभरात ती फियाट भंगारवाल्याने वजनावर नेली.

ब्रुनेईत वेगळे काय झाले? १९८० आणि १९९० च्या दशकांत घराण्याने तेलाच्या पैशावर गाड्या घेतल्या, नुसत्या घेतल्याच नाहीत तर मुद्दाम बनवून घेतल्या. सुलतान हसनल बोल्किया यांचे धाकटे बंधू जेफ्री १९८६ ते १९९७ अर्थमंत्री होते. १९९८ मध्ये त्यांची अमेडिओ ही बांधकाम कंपनी बुडाली, सरकारच्याच गुंतवणूक संस्थेने त्यांच्यावर १४.८ अब्ज डॉलरचा दावा लावला, त्यांनी आरोप नाकारले आणि २००० साली तडजोड झाली. २००१ मध्ये कंपनीच्या सामानाचा लिलाव झाला, संगमरवर आणि नळसुद्धा विकायला काढले होते. घरात असे तंटे लागले की गाडीकडे सगळ्यांत आधी दुर्लक्ष होते, हे मी एका फियाटवर पाहिले आहे. तिथे ते हजारांनी झाले.

मला त्यातल्या कारागिरांचे फार वाईट वाटते. इंग्लंडमधल्या क्रू गावच्या बेंटली कंपनीने या घराण्यासाठी डॉमिनेटर नावाची जीपसारखी उंच गाडी बनवली. तशी गाडी त्या कंपनीने बाकी जगासाठी २०१५ मध्ये बाजारात आणली, म्हणजे वीसेक वर्षांनी. इटलीत पिनिनफारिना या गाड्यांच्या बॉडी बनवणाऱ्या कंपनीने फेरारी ४५६ ची स्टेशन वॅगन बनवून दिली. ज्याने तो पत्रा हाताने वळवला असेल, त्याला ती गाडी रस्त्यावर पळताना कधी दिसलीच नसेल. मिस्त्रीला पगारापेक्षा मोठे काही मिळत असेल तर ते हेच, की आपल्या हातची गाडी समोरून जाताना तिचा आवाज ओळखू यावा. तुमच्या पानभर लेखात या माणसांविषयी एक ओळ नाही.

राजघराण्याची गाडी कशी असावी याचे उदाहरण तुमच्या कचेरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक गाडी दरवर्षी दसऱ्याला दसरा चौकात येते. मी सहा वर्षांचा असताना वडिलांच्या खांद्यावर बसून ती पहिल्यांदा पाहिली. सोने लुटायच्या गडबडीत सगळे पालख्यांकडे बघत होते आणि मी त्या बोनेटकडे. मिस्त्री व्हायचे माझे तिथेच ठरले. हैदराबादच्या निजामांची सिंहासन बसवलेली पिवळी रोल्स-रॉइस कितीतरी वर्षे अशीच पडून होती. ती दुरुस्त करून चौमहल्ला राजवाड्यात लोकांना बघायला ठेवली आहे. मी तिकीट काढून तिच्यापुढे तासभर उभा राहिलो आहे.

आणि विषय निघाला आहे म्हणून सांगतो. गेल्या दसऱ्याला तुम्ही पहिल्या पानावर चार रकानी फोटो छापलात. त्यात सगळे पुढारी आले आणि मेबॅकचा फक्त एक दिवा आला. ब्रुनेईच्या कुणी न पाहिलेल्या गाड्यांना पूर्ण पान, आणि गावासमोर चालत येणाऱ्या गाडीला एक दिवा. या दसऱ्याला तरी पूर्ण गाडी छापा, चारही चाके दिसतील अशी.

लेखातल्या त्या वाक्याचा खुलासाही छापावा ही विनंती. ते वाचून ज्यांच्या घरी वडिलांची गाडी झाकून ठेवलेली आहे, त्यांना वाटेल की ती सुरक्षित आहे. त्यांना सांगा, महिन्यातून एकदा तरी बाहेर काढा, इंजिन चांगले गरम होईपर्यंत फिरवा.

त्या फियाटचे हँडल भंगारवाल्याकडून मी मागून घेतले, ते घरी आहे. तेल लावून ठेवलेले आहे. कुणाकडे त्याच मॉडेलची गाडी चालू स्थितीत असेल आणि हँडल नसेल, तर घेऊन जावे. पैसे नकोत. माझा पत्ता तुमच्या कचेरीत देऊन ठेवतो. ते फियाटवाले घराणे अजून इथेच राहते, म्हणून माझे नाव छापू नये.

आपला,
एक निवृत्त मोटार मिस्त्री, कोल्हापूर