चाव्या सात जणांकडे, नोंद एकाचीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्या विकीवर, म्हणजे वाचकांनीच लिहायच्या-बदलायच्या वेबसाइटवर, कुणीही लिहू शकतो तिला सरळ कुलूप लावावं, असं एका वाचकांनी गेल्या आठवड्यात याच स्तंभात लिहिलं होतं. मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची सहा रोख विभागात. कुलपांशी माझं जुनं नातं आहे, म्हणून हे उत्तर.

आमच्या वस्तीतल्या वाचनालयाची एक छोटी विकी आहे. विकिपीडिया ज्या मीडियाविकी नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर चालतो, तेच आम्हीही बसवलं. नागपूरच्या महाल भागातले पडलेले वाडे, इतवारीतली जुनी दुकानं, बुजवलेल्या विहिरी, मिरवणुकीत निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतीच्या घराघरांतल्या आठवणी असं बरंच काही लोकांनी तिथे लिहिलंय. गेल्या मे महिन्यात एका सकाळी कळलं की 43 पानं गायब आहेत. विकीवर कोणी काय पुसलं याची नोंद राहते. ती उघडली, तर 43 ओळींसमोर एकच नाव, ‘ग्रंथपाल’. आणि आमचे ग्रंथपाल त्या रात्री अकोल्याला भाचीच्या लग्नात होते!

त्या खात्याचा पासवर्ड सात जणांना माहीत होता. वाचनालयाचं नाव आणि पुढे स्थापनेचं साल. वर तो टेबलाच्या खणात चिठ्ठीवर लिहूनही ठेवला होता. प्रत्येकाचं वेगळं खातं काढा, असं मी आधी दोनदा म्हटलं होतं. ‘काहून एवढे खाते काढता मॅडम, सगळे आपलेच लोक हायेत न जी,’ हे उत्तर मिळालं होतं.

पानं तासाभरात परत आली. डिलीट केलेलं पान लगेच नष्ट होत नाही, डेटाबेसमध्ये बाजूला पडून असतं आणि प्रचालकाला, म्हणजे विकीची देखभाल करणाऱ्याला, ते पुन्हा आणता येतं. पण पुसणारा कोण, ते आजवर कळलेलं नाही. दोन सभासद तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत.

बँकेत स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. रजेवर जाताना किल्ली कोणाच्या हातात दिली, हे रजिस्टरात वेळेसकट लिहून दोघांनी सह्या करायच्या. यात कोणी कोणाला चोर समजत नाही. उलट उद्या पैसे कमी भरले तर ज्याचा दोष नाही तो सहीमुळेच सुटतो. आमच्या ग्रंथपालांना सुटायला सहीच नव्हती. बिचारे लग्नाची पत्रिका दाखवत फिरले.

खरं तर विकीत ही सोय मुळातच आहे. प्रचालक पानं पुसू शकतो, सुरक्षित करू शकतो, उत्पात करणाऱ्याला अडवू शकतो. दुसऱ्याला प्रचालक करण्याचा अधिकार मात्र त्याला आपोआप मिळत नाही, तो स्वीकृती अधिकाऱ्याकडे असतो. हे शब्द मराठी विकिपीडियावरचेच, 2003 पासून चालत आलेल्या त्या कामातून रुळलेले. कोणाला कोणता अधिकार कधी दिला वा काढला, त्याचीही नोंद राहते. गोम अशी की, सॉफ्टवेअर बसवताना जे पहिलं खातं तयार होतं त्याला हे दोन्ही अधिकार एकदमच मिळतात. आमचे सात जण नेमके तेच खातं वापरत होते.

यावर कार्यकारिणीने काय करावं? पत्रलेखकांचाच उपाय केला. सगळी पानं बंद, लिहायचं फक्त अध्यक्षांनी. जून ते सप्टेंबर एकही नवं पान झालं नाही. एक्याऐंशी वर्षांचे एक आजोबा रोज दुपारी येऊन विहिरींच्या पानात दोन-दोन ओळी घालायचे. त्यांना स्क्रीनवर ‘आपल्याला परवानगी नाही’ दिसलं, आणि ते यायचेच बंद झाले.

दसऱ्यानंतर आम्ही कुलूप काढलं. आता लिहिणं सर्व खातेदारांना खुलं, पुसण्याचा अधिकार तिघांना, अधिकार वाटण्याचा दोघांना. पुण्याला गेलेल्या एका मुलाचा अधिकार काढला, तो थोडा रुसला. औषधांच्या जाहिराती चिकटवणारे सांगकामे, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, रोज खाती उघडायचे, त्यांच्यासाठी खातं उघडताना एक प्रश्न ठेवला : ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात कशाची मिरवणूक निघते?’ त्या दिवसापासून एकही आला नाही. ‘मार्बत’ लिहिणारी आपली माणसंही अडकली, म्हणून ते उत्तरही चालेल असं करून घेतलं.

एक गोष्ट मात्र मला बँकेतही शिकायला मिळाली नव्हती. सभासदांचे फोन नंबर कोणीतरी विकीच्या एका पानावर टाकले होते. आम्ही ते काढले आणि निर्धास्त झालो. पण पानाच्या इतिहासात जुनी आवृत्ती तशीच असते, कोणीही उघडून वाचावी. ती वेगळी लपवावी लागते आणि तो अधिकारही वेगळा द्यावा लागतो. ठरावीक पान ठरावीक लोकांनाच दिसावं यासाठी मीडियाविकी बांधलेलीच नाही, हे तिच्या कर्त्यांनीच सांगून ठेवलंय. ज्या संस्था विकी काढताहेत त्यांनी पत्ते, नंबर तिथे ठेवूच नयेत.

आजोबा दिवाळीनंतर परत आले, त्यांच्या नातीने त्यांना खातं काढून दिलं. अध्यक्षांचं खातं तेवढं अजून व्हायचंय. त्यांना जुनाच पासवर्ड हवा आहे.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
प्रतापनगर, नागपूर