पुस्तक फाटलं तर चालेल, एवढं एकदा शासनाने लेखी सांगावं

मा. शालेय शिक्षण मंत्री आणि मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

पत्र दोघांना मिळून लिहितो आहे, कारण काम दोघांचं मिळून आहे. गावातली शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आणि त्याच रस्त्यावरचं वाचनालय उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या ग्रंथालय संचालनालयाकडे. शाळेला पत्र येतं गटशिक्षणाधिकाऱ्यांचं, आम्हा वाचनालयवाल्यांना जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांचं. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन दोन्हीकडे साजरा होतो, तोही आपापल्या भिंतींच्या आत. मी नोकरीभर जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं आणि निवृत्तीनंतर गावातल्या ‘ड’ वर्ग, म्हणजे शासनाच्या वर्गवारीतल्या सर्वांत खालच्या वर्गातल्या, वाचनालयाचा कार्यवाह झालो. दोन्ही बाजूंची दप्तरं हाताळली आहेत, म्हणून हे लिहिण्याचं धाडस करतो.

राज्यात पुस्तकं नाहीत असं म्हणता येणार नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे आज शासनमान्य ग्रंथालयांची संख्या दहा हजारांच्या वर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं, त्यात गोष्टीची पुस्तकंही हवीत, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. केंद्र आणि राज्याच्या समग्र शिक्षा योजनेतून शाळांना ग्रंथालयासाठी पाच ते वीस हजारांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. मग मुलाच्या हातात पुस्तक का नसतं?

शाळेतलं कपाट उघडून बघा. पुस्तकं कोरी करकरीत असतात, पानं एकमेकांना चिकटलेली. कारण त्या कपाटाचा चार्ज एका शिक्षकाच्या नावावर असतो. बदली झाली की नवीन शिक्षकाला एकेक पुस्तक दाखल क्रमांकानुसार मोजून द्यावं लागतं. चार कमी भरली तर त्याची भरपाई मागितली जाते. पहिलीच्या मुलाने पुस्तक घरी नेलं की ते भिजणार, धाकटं भावंड त्याच्यावर रेघोट्या ओढणार, कधी ते परत येणारच नाही. हे ठाऊक असलेला शिक्षक कुलूप लावतो, आणि त्याला दोष देणं मला पटत नाही. वाचनालयात वेगळी अडचण. तिथे वर्गणी, अनामत आणि पालकाची सही लागते. मजुरीला जाणाऱ्या बाईने लेकीसाठी अनामत भरायला आमच्या उघडण्याच्या वेळात यायचं कधी?

यावरचा उपाय फार जुना आहे. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून घेतलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या गावोगाव पाठवल्या जायच्या. त्यात मराठी पुस्तकंही असायची. आम्ही त्याच धर्तीवर एक पत्र्याची पेटी शाळेत ठेवली आहे. झाकणाला आतून दोऱ्याने वही बांधली आहे. पुस्तक नेणारं मूल स्वतःच नाव, पुस्तक आणि तारीख लिहितं. वहीचं काम सहावीतली एक मुलगी बघते. तिने स्वतःच नियम केला आहे: पुस्तक परत आणणाऱ्याने त्यातलं काय आवडलं ते तिला तोंडी सांगायचं, मगच दुसरं मिळणार. वहीची पानं भरत चालली आहेत, आणि चिकटपट्टी लावलेल्या पुस्तकांचीच मागणी सर्वांत जास्त आहे.

पण वाचनालयाच्या सरकारी तपासणीच्या वेळी या पेटीवर शेरा आला. पुस्तकं सभासद नसलेल्यांना दिली कशी, अनामत कुठे, फाटलेल्या प्रतींचं काय? तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांचा यात दोष नाही, त्यांच्या हातातल्या नमुन्यात शाळेच्या पेटीला रकानाच नव्हता.

म्हणून माझी मागणी एका संयुक्त शासन निर्णयाची आहे. शाळा हीच वाचनालयाची संस्था-सभासद व्हावी, मुलांना अनामत नसावी. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, मुलांच्या वापरातली ठरावीक टक्के पुस्तकं दरवर्षी फाटणार किंवा हरवणार हे गृहीत धरून त्यांचं निर्लेखन, म्हणजे दप्तरातून ती कमी करणं, मुख्याध्यापक आणि आमच्या कार्यकारी मंडळाच्या सहीने व्हावं, कुणाच्याही पगारातून वसुली न होता. किती टक्के, ते तुमच्या तज्ज्ञांनी ठरवावं. पण आकडा लेखी असावा. तो एक आकडा कागदावर आला की राज्यभरातली कपाटं उघडतील, याची मला खात्री आहे.

पैशाचंही बोलायला हवं. २०२२ मध्ये वाचनालयं चालवण्यासाठीच्या परिरक्षण अनुदानात ६० टक्के वाढ झाली, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. तरीही ‘ड’ वर्गाचं वर्षाचं अनुदान ४८ हजार रुपये होतं. त्यातला निम्मा भाग सेवकाच्या वेतनावर, म्हणजे महिन्याला दोन हजार. त्याच माणसाला ‘शाळा सुटल्यावर मुलांसाठी दोन तास जास्त बस’ असं सांगण्याचं माझं तोंड होत नाही. शाळेशी जोडलेल्या वाचनालयाच्या सेवकाला त्या तासांचं वेगळं मानधन द्या. शाळेचं ग्रंथालय अनुदान आणि आमची ग्रंथखरेदी यांची यादी एकत्र बसून केली, तर तीच पुस्तकं दोनदा घेतली जाणार नाहीत आणि त्यातून काही रक्कम वाचेल. पुरेल असं मात्र मी म्हणणार नाही.

विभागांची भिंत ओलांडणं अशक्य नाही, हे शेजारच्या कर्नाटकाने दाखवलं आहे. तिथे ग्रामपंचायत ग्रंथालयं २०१९ मध्ये ग्रामविकास व पंचायत राज विभागाकडे आली आणि पुढच्याच वर्षी ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत सभासदत्व देण्याची मोहीम निघाली. आपली बहुतेक ग्रंथालयं लोकांनी चालवलेल्या संस्था आहेत, त्यामुळे तोच नमुना जसाच्या तसा लागू होणार नाही. पण आपली लोकचळवळ जुनी आहे, माणसं तयार आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शालेय आणि सार्वजनिक ग्रंथालयांचा विस्तार करावा, असं म्हटलेलं आहेच.

निर्णय जूनमध्ये शाळा उघडण्याआधी निघाला, तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पेट्या वर्गात पोचतील. एकदम राज्यभर नको असेल तर प्रत्येक जिल्ह्यातला एक तालुका घ्या. आमच्या पेटीची वही आणि तपासणीचा शेरा, दोन्हींच्या प्रती या पत्रासोबत जोडल्या आहेत.

आपला नम्र,
एका गावच्या वाचनालयाचा कार्यवाह