फोटो छापायचा तर माणूस असतानाच छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

5 सप्टेंबर जवळ आला की आपल्या पेपरात आदर्श शिक्षकांचे फोटो येतात, शाल, श्रीफळ, हार, आणि ते यायलाच पाहिजेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अशी कितीतरी माणसं आहेत ज्यांच्या नावापुढं सर नाही की मॅडम नाही आणि तरी त्यांनी आमच्यासारख्यांना उभं केलंय. त्यांचा फोटो पेपरात पहिल्यांदा येतो तो निधन वार्तेत. हे मनाला लागतं म्हणून लिहितोय.

आमच्या गल्लीत एक मामा आहेत. नात्यातले नव्हेत, सगळ्या गल्लीचेच मामा. शिक्षण सातवीपर्यंत, मराठी शाळेत. कन्नड शिकले ते मार्केट यार्डात हमाली करता करता, पावत्या आणि पाट्या वाचून. 1956 ला आमचा भाग इकडं कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) आला, पुढं सरकारी कागद कन्नडमध्ये गेले, आणि मराठी शाळेतनं आलेला माणूस स्वतःच्याच जमिनीचा उतारा हातात घेऊन नुसता बघत राहतो, मग एजंट सांगेल ते खरं आणि मागेल तेवढे पैसे. मामा उतारा वाचून देत नाहीत, वाचायला शिकवतात, हे मला फार मोठं वाटतं. देवळाच्या कट्ट्यावर कागद पसरायचा, पोराचं बोट धरून रकान्यावर ठेवायचं, "हे बघ, नवव्यात मालकाचं नाव. तिथं अजून आजोबाचंच नाव दिसूलालंय म्हणजे वारसा लागलेला नाही. मग अकरावा बघ. बँकेचं, सोसायटीचं कर्ज असलं तर ते तिथं येतंय. अकरावा बघितल्याबिगर कुणाला इसार द्यायचा नाही, सख्खा भाऊ असला तरी." गल्लीतली निम्मी पोरं आज नाडकचेरीत (महसूल कार्यालयात) एकटी जातात ती ह्या माणसामुळं. चहाशिवाय कधी काही घेतलं नाही त्यांनी.

दहावीनंतर मी काही वर्षं बेळगावातल्या वडगावला कापडाच्या मागावर होतो. तिथं एक तात्या होते, जवळ बसवून शिकवणं वगैरे त्यांच्या स्वभावातच नव्हतं, खटाखट चाललेल्या चार मागांच्या मधी उभं करून फक्त म्हणायचे, "बघू नको, ऐक." पट्टा सैल झाला की धोट्याचा (आडवा धागा नेणाऱ्या शटलचा) ठोका बदलतो, आणि तो ज्याला कानानं कळला त्याचं कापड बिघडत नाही. तुटलेला धागा जोडताना गाठ इतकी बारीक मारायला लावायचे की ती फणीतनं सरळ निघून गेली पाहिजे, जाड राहिली तर अडकते आणि शेजारचे धागे घेऊन तुटते. मालकानं माणूस ठेवला होता विणायला, शिकवायला नव्हे, शिकवण्यात त्यांचा स्वतःचा वेळ आणि मजुरी जात होती तरी शिकवत होते. आज मी मागावर नाही, पण कुठलंही मशीन चालू असलं की आधी कान तिकडं जातो.

आणि बायकांचं तर कुणी लिहितच नाही. शेजारच्या अक्का कन्नड बोलणाऱ्या, पण स्त्रीशक्ती संघातल्या (बचत गटातल्या) आमच्या मराठी बायकांना बँकेत नेऊन पैसे काढायची स्लिप कशी भरायची, काउंटरवर न घाबरता कसं विचारायचं, हे त्यांनीच दाखवलं. माझी आई आज अंगठा नाही, सही करते. सीमेचा वाद आपल्या जागी आहे आणि माझं मत त्यात पक्कं आहे, पण अक्कांचं ऋण हे ऋणच.

माझी विनंती एवढीच की आठवड्यातनं एक दिवस अर्धा कॉलम अशा माणसांसाठी द्या. वाचकांनीच लिहायचं, एका वेळी एकच माणूस, आणि खूप चांगले आहेत, देवमाणूस आहेत असलं काही नको, त्यांनी नेमकं काय शिकवलं आणि कसं शिकवलं तेवढंच लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्यालाही उपयोग होईल. आधी त्यांची परवानगी मात्र घ्यायला सांगा, कारण ही माणसं लाजतात. तात्या आता थकलेत, वडगाव-खासबागचे बरेच माग बंद पडूलालेत, त्यामुळं हे पुढच्या वर्षीवर ढकलू नका. पहिला मजकूर मी मामांवर लिहून द्यायला तयार आहे, त्यांना विचारलंय, दोन दिवस नको नको म्हणाले आणि काल हो म्हणाले.

आपला,
एक वाचक, येळ्ळूर, ता. बेळगाव