कोरियातली पोरं उगाच रडत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांनी लिहिलं होतं की कोरियातली मुलं बघा, मध्यरात्रीपर्यंत अभ्यास करतात, देश कुठच्या कुठे नेऊन ठेवला आणि आमची पोरं रील बघत लोळतात, आणि तीच कोरियन पोरं आता प्रेशर प्रेशर म्हणून गळा काढतायत म्हणजे त्यांना सुख बोचतंय. पत्र वाचून आमच्या नाक्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते पटलं नाही म्हणून हे लिहितोय, जमेल तेवढं छापा.

माझं देवगडात स्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. मे ते ऑगस्ट नीट, सीईटी या प्रवेश परीक्षा, कॅप राउंड म्हणजे ॲडमिशनच्या फेऱ्या, नॉन क्रिमीलेयर, डोमिसाईल, हेच चालतं. घरात मुलगी कोरियन सिरियलवाली, ती रात्री सबटायटल लावून बघत बसते, तिच्या नादाने मी पण त्या देशाबद्दल वाचायला लागलो आणि मग लक्षात आलं की अरे हे तर आपल्याच दुकानात चाललंय, फक्त तिकडे पन्नास वर्षं आधी सुरू झालं.

आता तिकडची मेन परीक्षा, सुनुंग म्हणतात तिला, नोव्हेंबरात एकाच दिवशी असते, सकाळी पावणेनऊच्या आसपास सुरू होते ती संध्याकाळपर्यंत. त्या दिवशी ऑफिसं आणि शेअर बाजार तासभर उशिरा उघडतात म्हणजे पोरांना ट्रॅफिक लागू नये, उशीर झालेल्या पोराला पोलीस गाडीवर बसवून सेंटरला सोडतात, आणि इंग्रजीची ऐकायची परीक्षा असते तेव्हा साधारण 35 मिनिटं देशात विमानं उतरत नाहीत की उडत नाहीत. हे सगळं वाचून आपल्याकडचा माणूस म्हणतो वा, शिक्षणाची काय कदर आहे! कदर आहेच, खोटं कशाला बोला. पण अख्खा देश पोराकडे श्वास रोखून बघतोय हे 18 वर्षांच्या पोराला काय वाटत असेल ते पण बघा ना जरा.

आणि हा एक दिवस झाला, बाकीचं आयुष्य काय तर शाळा सुटली की हॅगवॉन म्हणजे प्रायव्हेट क्लास. सोलमध्ये देची-डाँग नावाचा क्लासवाल्यांचा एरियाच आहे, रात्री दहाला क्लास सुटले की आईबापांच्या गाड्यांची रांग लागते. दहालाच का, तर सोलमध्ये कायदाच आहे की दहानंतर क्लास चालवायचा नाही. 2009 मध्ये तर चोरून क्लास चालवणाऱ्याची खबर देणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायला लागलं, मग कॅमेरे घेऊन क्लासवाल्यांच्या मागे फिरणारे लोक तयार झाले, त्यांचा तोच धंदा! त्याच्याही आधी 1980 मध्ये तिथल्या लष्करशहाने प्रायव्हेट ट्यूशन सरसकट बंद केली होती. वीस वर्षांनी, 2000 मध्ये, कोर्टाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. म्हणजे हुकूमशहाला जमलं नाही, लोकशाहीला जमलं नाही. 2024 मध्ये तिथल्या आईबापांनी शाळकरी पोरांच्या क्लासवर 29 लाख कोटी वॉन घातले, आपले साधारण पावणेदोन लाख कोटी रुपये. आपल्या केंद्र सरकारचं शिक्षणाचं त्या वर्षीचं बजेट 1 लाख 20 हजार कोटींच्या आसपास होतं, त्याहून जास्त, आणि तो देश केवढा तर पाच कोटींचा. पोरं तर दरवर्षी कमीच होतायत तिकडे तरी 2024 पर्यंत खर्च वाढतच गेला.

मग गृहस्थ म्हणतील की घातले पैसे तर बिघडलं काय, शिकली ना पोरं? शिकली, मान्य. 1945 साली जपानी गेले तेव्हा तिथे बहुतेकांना लिहितावाचता येत नव्हतं, वर 1950 ते 53 युद्धाने होतं नव्हतं ते पण गेलं, साठ-सत्तरच्या दशकात शेतकऱ्यांनी गोठ्यातले बैल विकून पोरांच्या कॉलेजची फी भरली, आणि आज तिथल्या 25 ते 34 वयाच्या दर दहातल्या सातजणांकडे कॉलेजची डिग्री आहे. त्या बापांना मी नमस्कार करतो. आपल्याकडे पण आंब्याच्या कलमांचा सौदा दोन वर्षं आगाऊ करून लेकीला इंजिनीअरिंगला पाठवणारे बाप मी बघितलेत.

पण बैल विकला तेव्हा कॉलेजात गेलेला पोरगा गावातला एकटा होता, त्याला डिग्री मिळाली की नोकरी पक्की. आता सगळेच डिग्रीवाले, त्यामुळे डिग्री कुठल्या कॉलेजची हे बघतात. तिकडे सोल नॅशनल, कोरिया आणि योनसे ही तीन नावं, बाकी सगळं नंतर, आणि मोठ्या कंपनीतला पगार आणि लहान कंपनीतला पगार यात एवढा फरक की एकदा मागे पडलास तर आयुष्यभर मागेच राहशील अशी भीती. म्हणून तर परीक्षा देणाऱ्यांत दर तीनातला जवळपास एक जण आधी बारावी होऊन पुन्हा बसलेला असतो. आपल्याकडे ड्रॉप घेणं म्हणतो तेच ते.

मला जो मुद्दा सांगायचा आहे तो इथे आहे. पोरं म्हणत नाहीत की अभ्यास नको. त्यांचं म्हणणं असं की आम्ही कितीही केला तरी पुरत नाही, आणि ते गणितानेच खरं आहे, कारण त्या परीक्षेत कोरियन भाषा आणि गणितात वरच्या 4 टक्क्यांनाच पहिली श्रेणी मिळते. तुम्ही अर्धा तास जास्त बसा, शेजारचा पण अर्धा तास जास्त बसला की तुम्ही जिथल्या तिथे. सगळ्यांनी झोप कमी केली तरी 4 चे 5 टक्के होत नाहीत. आपल्या देवगड-मालवणच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, एकाने मासळी ओढायला बोटीवर एलईडी लाईट लावला आणि दोन फेऱ्या जास्त मारल्या तेव्हा त्याला मासळी मिळाली, मग सगळ्यांनी जनरेटर आणि लाईट घेतले, कर्ज झालं, समुद्रातली मासळी तेवढीच राहिली किंवा कमी झाली, आणि आता बंदी आहे तरी रात्री किनाऱ्यावरून लाईट दिसतातच. ज्याने लाईट लावला नाही तो उपाशी. कोरियन पोर रडतंय ते ह्याच्यावर रडतंय.

2023 मध्ये सोलमधल्या एका सेंटरवर घंटा दीड मिनिट लवकर वाजली. 39 पोरांनी सरकारवर दावा ठोकला, प्रत्येकी 2 कोटी वॉनचा, म्हणजे आपले बारा-तेरा लाख रुपये. ही बातमी मी मोबाईलवर दुकानात वाचून दाखवली तर सगळे हसले, दीड मिनिटासाठी कोर्टात? मी पण हसलो असतो, पण त्याच आठवड्यात एक मुलगा वडलांबरोबर सीईटीचा स्कोअरकार्ड प्रिंट काढायला आला होता. वडील जाळी विणणारे, 91 आकडा बघून एकदम खूश, "एक्याण्णव पडले मा? मग पेढे आणतंय." पोरगा मान खाली घालून उभा. त्याला माहीत होतं ते पर्सेंटाईल आहेत, मार्क नाहीत, शंभरातले नव्वद-एक्याण्णव मागे असले तरी राज्यात त्याच्यापुढे हजारो पोरं आहेत आणि त्याला हवं असलेलं सरकारी कॉलेज त्याचा नंबर यायच्या आधीच भरतं. मी ऑप्शन फॉर्म उघडला, मागच्या वर्षीचे कटऑफ काढले, एकेक कॉलेज खाली खाली सरकत गेलो. वडलांनी दोनदा विचारलं की एवढे पडले तर हा का नाही मिळणार, आणि मला ते मालवणीत काय, कुठल्याच भाषेत नीट सांगता येईना. अशा ठिकाणी एका प्रश्नाने शेकडो नंबर मागे-पुढे होतात, दीड मिनिटात एक प्रश्न सुटतो. पोरं कोर्टात गेली तर मी त्यांना वेडी म्हणणार नाही.

पण सगळ्याच तक्रारी मी मान्य करतो असं नाही हं. काही जण म्हणतात परीक्षाच नको, मुलाचा सर्वांगीण विकास बघा, प्रोजेक्ट बघा, शिफारसपत्रं बघा. ऐकायला गोड आहे. कोरियाने हे पण करून बघितलं, आणि 2019 मध्ये चो कुक नावाचे न्यायमंत्री आले त्यांच्या मुलीच्या ॲडमिशनची भानगड बाहेर पडली, खोटी सर्टिफिकेटं, इंटर्नशिपचे कागद, शेवटी बायकोला चार वर्षांची शिक्षा झाली, पुढे त्यांना स्वतःला पण झाली. मग लोकांनीच मागणी केली की परीक्षेवरचे प्रवेश वाढवा, आणि सरकारने सोलच्या मोठ्या युनिव्हर्सिट्यांना 40 टक्के जागा तशा भरायला सांगितल्या. गरिबाच्या पोराकडे ना ओळखीचा प्रोफेसर, ना एनजीओ चालवणारी मावशी. त्याच्याकडे पेपर आहे फक्त.

आणि तो पेपर ते लोक जपतात कसा बघा. पेपर काढणारे आणि तपासून बघणारे मिळून शेकडो माणसं महिन्याहून जास्त दिवस कोंडून ठेवतात, फोन नाही, इंटरनेट नाही, परीक्षा संपली की मगच सुटका. आपल्याकडे 2024 च्या नीटला काय झालं आठवतंय ना, पहिल्या निकालात 67 पोरं 720 पैकी 720 घेऊन पहिली, पेपर फुटल्याची सीबीआय चौकशी, सुप्रीम कोर्ट, आणि आमच्या दुकानात पोरं रोज येऊन विचारायची काका री-नीट होणार काय, मी काय सांगणार कपाळ! कोरियन पोराला निदान एवढी खात्री असते की त्याच्या पुढे गेलेला चोरी करून गेलेला नाही. ह्या बाबतीत आपली पोरं जास्त रडली पाहिजेत.

गृहस्थांनी आणखी एक वाक्य लिहिलंय की कष्टाने कोण मरत नाही. ह्याच्यावर मला राग आला म्हणून स्पष्ट लिहितो. कोरियात 10 ते 39 ह्या वयात मरण्याचं पहिल्या नंबरचं कारण आत्महत्या आहे, सगळ्या अभ्यासामुळेच असं मी म्हणणार नाही, पण संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने 2019 मध्ये तिथल्या शाळांतल्या स्पर्धेबद्दल आणि आत्महत्यांबद्दल सरकारला सुनावलंय. आणि आपण कुठे मागे आहोत, 2022 मध्ये देशात 13 हजारांवर विद्यार्थ्यांनी जीव दिला, त्यात महाराष्ट्र सगळ्यात वर. हे सरकारी आकडे आहेत, कोणीही बघावेत.

आता आपल्या कोकणाचं. दरवर्षी निकाल लागला की कोकण बोर्ड राज्यात पहिलं, 2025 ला दहावी 98.82 टक्के, बारावी 96.74, अभिमान मला पण आहे, माझ्याच प्रिंटरवर ते निकाल निघतात. पण बारावीला 85 टक्के घेतलेली मुलगी नीटला बसते तेव्हा तिला कळतं की ह्या निकालाचा तिकडे उपयोग नाही. मग बाप विचारतो कोल्हापूर की लातूर, की थेट कोटा, हॉस्टेल किती, हप्त्याने घेतात काय. आठवीपासून फाऊंडेशन बॅच आलेत आता. केंद्र सरकारने जानेवारी 2024 ला सूचना काढली की 16 वर्षांखालच्या पोराला कोचिंगला घ्यायचं नाही, आणि माझ्याकडे सातवीतल्या पोराच्या स्कॉलरशिप टेस्टचं हॉल तिकीट प्रिंटला येतं, त्यावर क्लासचाच लोगो. ओरोसला 2021 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज झालं, रत्नागिरीला 2023 मध्ये, चांगलंच झालं, पण शंभर-शंभर जागा, आणि त्या काही आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना राखून ठेवलेल्या नाहीत, मेरिट राज्याचं. नीटला 2024 मध्ये 24 लाख फॉर्म होते, देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. उरलेल्या बावीस-तेवीस लाखांनी कमी अभ्यास केला म्हणून त्यांना मिळालं नाही असं जो म्हणतो त्याने एक दिवस माझ्या दुकानात येऊन बसावं.

नाक्यावर मला एकाने विचारलं मग उपाय काय, तू शहाणा. माझ्याकडे उपाय नाही, कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांकडे पण नव्हता, 2023 मध्ये त्यांनी ऐन जूनमध्ये सांगितलं की क्लासशिवाय न सुटणारे अवघड प्रश्न पेपरातून काढा, आणि पुढच्या वर्षी क्लासचा खर्च आणखी वाढला. डिग्रीवाल्या आणि बिनडिग्रीवाल्या कामाच्या पगारातली दरी आहे तोपर्यंत आईबाप ऐकणार नाहीत, मी पण ऐकणार नाही, माझी मुलगी पुढच्या वर्षी अकरावीला आहे आणि तिच्या क्लासचे पैसे मी बाजूला काढलेत.

तुमच्याकडे मात्र एक मागणी आहे, ती करण्यासाठीच खरं तर पत्र. निकालाच्या दिवशी तुम्ही कोकण अव्वल म्हणून पहिलं पान करता आणि आत क्लासवाल्यांच्या जाहिरातीत पेढे भरवतानाचे फोटो असतात. ते छापा, धंदा आहे, समजू शकतो. पण त्याच पोरांचं सप्टेंबरात काय झालं, किती जणांना सरकारी कॉलेज मिळालं, किती जणांनी ड्रॉप घेतला, कितीजण डिप्लोमा सोडून मुंबईला कामाला गेले, हे एकदा तालुक्याप्रमाणे छापून बघा. आकडे जमवायला माझी मदत लागली तर दुकानात या, नावं देणार नाही पण कुठे काय विचारायचं ते सांगेन. रविवारी बंद असतं.

आपला,
एक झेरॉक्सवाला, देवगड
(गिऱ्हाईकं ओळखतील, नाव छापू नये ही विनंती)