येर्बा मातेच्या पाकिटाबद्दल

मोंतेविदेओ, उरुग्वे
१२ जुलै

प्रिय वंदू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वजन उतरवण्यासाठी मागवलेल्या येर्बा मातेच्या, म्हणजे इथल्या चहासारख्या पाल्याच्या, पाकिटावर ‘कॅफीन नाही, मातेइन आहे’ असं छापलंय म्हणतेस. बाई गं, तू रसायनशास्त्र शिकवतेस ना? मातेइन म्हणजे कॅफीनच, तेच १,३,७-ट्रायमिथाइलझँथिन. जोडीला त्याचेच भाऊबंद: थोडं थिओब्रोमिन आणि थिओफिलिनचा अंश. मेंदूत झोप आणणाऱ्या अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून हे झोप पळवतं, चहासारखंच. वजनाचं म्हणशील तर त्यावरचे प्रयोग लहान आहेत, त्या आशेवर पैसे घालवू नकोस.

इथे मात्र वजनाचा विचारही न करता सगळे माते पितात. काखेत थर्मास, हातात भोपळ्याची वाटी, असेच लोक रस्त्यावर भेटतात. वाटीत पाला ठासायचा, बोंबिशा म्हणजे गाळणीची धातूची नळी खोचायची आणि थोडंथोडं गरम पाणी ओतत तोच पाला तासन् तास चोखायचा. नळी एकच, तोंडं अनेक. आपल्या आज्या उष्टं म्हणून घराबाहेर काढतील! वर फेस येतो तो सॅपोनिन्समुळे. रिठ्यातही हीच मंडळी असतात, आणि कडवटपणातही त्यांचा वाटा असतो.

आता हिशोब कर. वाळल्या पाल्यात साधारण एक ते दोन टक्के कॅफीन. मोठ्या वाटीत ५० ग्रॅम पाला मावतो, म्हणजे एक टक्का धरला तरी ५०० मिलिग्रॅम. सगळं पाण्यात उतरत नाही हे मान्य, पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक म्हटलंय आणि गरोदर बाईला २००. इथले लोक ‘कडक नाही हो’ म्हणत रात्री दहाला थर्मास पुन्हा भरतात, त्याचं मला नवल वाटतं.

कर्करोगाचं तू घाबरत विचारलंस. या भागात अन्ननलिकेचा कर्करोग बराच आढळायचा, म्हणून १९९१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने गरम मातेला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. २०१६ साली पुन्हा तपासलं तेव्हा बोट पानाकडून तापमानाकडे वळलं: ६५ अंशांवरचं कोणतंही पेय त्या गटात गेलं, आणि फार गरम नसलेली माते ‘ठरवता येत नाही’ या गटात. म्हणजे आपला उकळता चहाही त्यातून सुटला नाही. नळीने पिताना तर पाणी ओठ-जीभ चुकवून थेट घशाशी जातं, त्यामुळे चटका कळायला उशीर होतो.

तरी पानाला पूर्ण निर्दोष म्हणायला माझं मन होत नाही. तोडलेली पानं आधी जाळावर झर्रकन परततात, म्हणजे विकरं मरतात आणि पाला काळा पडत नाही. पुढे पारंपरिक पद्धतीत लाकडाच्या धुरात वाळवतात, त्यातून बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं पानात बसतात. ती पाण्यात फार विरघळत नाहीत, पण थोडी उतरतातच. धुराशिवाय वाळवलेला पालाही मिळतो. पाकिटावर तसं लिहिलंय का ते बघ, मातेइनचं वाचत बसू नकोस.

चांगलंही आहे. क्लोरोजेनिक आम्लं ही अँटिऑक्सिडंट पॉलिफेनॉल्स भरपूर, कॉफीत असतात तीच. पण तुझं हिमोग्लोबिन कमी, आणि ही पॉलिफेनॉल्स अन्नातलं लोह अडकवतात. तेव्हा जेवणाबरोबर नको, लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब ठेव, आणि झोपायच्या आधी तर नकोच.

खरं सांगू? सांगलीच्या उन्हाळ्यात तू पाराग्वेची तेरेरे कर. हाच पाला, पण बर्फगार पाण्यात, पुदिना किंवा लिंबाची साल टाकून. युनेस्कोने २०२० साली तिला वारशाच्या यादीत घेतलंय. गरम पाण्याची भीती संपते, धुराची तेवढी राहते. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव, स्पॅनिश मी वाचून देते.

काकूंना नमस्कार, लेकीला पापा.

तुझी,
नीला